मे महिन्यात गाडी उकळू नये म्हणून: जुन्या एसयूव्हीच्या रेडिएटरचं आणि कूलिंगचं पूर्ण काम

चंद्रपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५-४६ वर गेला की गॅरेजसमोर बोनेट वर केलेल्या जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ उभ्या दिसू लागतात. या गाड्यांचा रेडिएटर मे महिन्यात बिघडलेला नसतो. तो दोन-तीन वर्षांपासून चोंदत आलेला असतो, थंडीत ते कळत नाही एवढंच.

कारण साधं आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा २६ वर असेल तर फरक ६४ चा. हवा ४६ वर गेली की फरक उरतो ४४. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात जवळजवळ एक-तृतीयांश कमी काम करतो, आणि एसी चालू असेल तर रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरमधून (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) तापून आलेली हवा त्याच्या वाट्याला येते, म्हणून आणखी कमी. थंडीत ज्याच्याकडे थोडीफार शिल्लक ताकद होती तो रेडिएटर इथे उघडा पडतो. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घ्यावं. मे महिन्यात घाईघाईने केलेल्या कामात रेडिएटर तेवढा बदलला जातो आणि बाकीचं जुनंच राहतं.

आधी रोग ओळखा

गाडी कधी गरम होते, यावर अर्धं निदान होतं. बाजाराच्या गर्दीत, शेताच्या चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर किंवा उभ्या गाडीत एसी चालू असताना काटा चढतो आणि रस्त्याला लागलं की उतरतो? मग हवा कमी पडते आहे: फॅन, फॅनचा क्लच, श्राउड (फॅनभोवतीचं कवच) किंवा चोंदलेला कंडेन्सर. उलट, गावात ठीक आणि हायवेवर ८०-९० ला किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना काटा वर जात असेल, तर पाणी कमी पडतं: रेडिएटरच्या नळ्या चोंदल्यात, पाण्याच्या पंपाचं पातं गंजलंय किंवा खालचा होज (पाण्याची रबरी नळी) ओढला जाऊन चपटा होतोय. दोन्हीकडे गरम होत असेल तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल), झाकण आणि हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील), या क्रमाने बघा.

हेड गॅस्केट गेलं असेल तर नवा रेडिएटर बसवूनही उपयोग नाही, म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी करा. सकाळी थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि इंजिन सुरू करा. हवा अडकली असेल तर सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात आणि थांबतात. पण बुडबुडे एकसारखे येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, इंजिन अजून थंड असतानाच, वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर किंवा सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर हेही त्याचंच लक्षण. अशा वेळी आधी हेड उघडायचं, रेडिएटर नंतर.

काट्यावरही डोळे झाकून विश्वास नको. जुन्या गाडीत सेन्सरची अर्थिंग गंजली की काटा खोटं बोलतो. इन्फ्रारेड थर्मामीटर फार महाग मिळत नाही. थर्मोस्टॅटच्या घराजवळ आणि खालच्या होजवर नेम धरा. इंजिन तापल्यावर वर ८५-९५ दाखवतं आणि खाली त्याहून निदान सात-आठ अंश कमी, तर रेडिएटर काहीतरी काम करतो आहे. रेडिएटरच्या जाळीवर आडवा-उभा फिरवला आणि मध्येच एखादा भाग बाकीच्यापेक्षा ठसठशीत थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

‘वॉल काढून टाका’ हा सल्ला

गावोगावी मिळणारा सल्ला: थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, गाडी गरम होणार नाही. हे ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन तापायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या तबकडीने बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर बायपास कायम उघडा राहतो, पंपातलं बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे वॉल काढल्यावर ती गाडी घाटात आधीपेक्षा जास्त तापते. लोक मग मोठा रेडिएटर बसवतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरी होते. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत ८२ च्या आसपास. दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर धरा. ८०-८४ ला हालचाल सुरू व्हायला हवी आणि ९५ पर्यंत आठ-एक मिलिमीटर उघडायला हवा. उशिरा उघडतो, अर्धाच उघडतो किंवा थंड झाल्यावर पूर्ण मिटत नाही, तर फेका. तसंही एवढं काम काढलं असेल तर थर्मोस्टॅट नवाच टाका. तोच अंक असलेला. ७१ चा टाकून गाडी थंड राहील ही समजूत चुकीची आहे. चोंदलेला रेडिएटर ७१ ला उघडलेल्या वाटेनेही तेवढीच उष्णता टाकतो.

काय काय आणायचं

रेडिएटर, वरचा-खालचा होज, बायपासचा आणि हीटरचे बारीक होज, नवे क्लॅम्प, थर्मोस्टॅट व त्याचं गॅस्केट, रेडिएटरचं झाकण, फॅन बेल्ट आणि रेडिएटरखालची रबरं. पंपाबद्दल पुढे लिहिलं आहे. कूलंट (पाण्याऐवजी घालायचं गंजरोधक द्रव) किती लागेल ते मालकाच्या पुस्तिकेत असतं. या वर्गातल्या डिझेल गाड्यांत साधारण ७ ते ११ लिटर धरून चला. हत्यारांत ८ ते १७ चे पाने व सॉकेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मोठं टब, नरसाळं, ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि जमल्यास टॉर्क पाना.

रेडिएटर कोणता घ्यावा? जुन्या गाड्यांत तांब्या-पितळेचा असायचा, नंतर ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद असतात, त्यामुळे नळ्यांच्या कमी ओळींतही तो चांगली उष्णता टाकतो आणि हलकाही असतो. पण टाकी जिथे जाळीला दाबून बसवलेली असते तिथे तडा गेला की दुरुस्ती टिकत नाही. तांब्या-पितळेचा रेडिएटर तालुक्याच्या गावातला रेडिएटरवाला उघडतो, नळ्यांत सळई घालून साफ करतो, डाग देतो, किंवा त्याच टाक्यांवर नवा कोर (नळ्यांची जाळी) चढवतो. गाडी शेत आणि खडकाळ पांदण रस्त्यावर चालत असेल, टाक्या धडधाकट असतील आणि जवळ हात बसलेला कारागीर असेल, तर दोनऐवजी तीन ओळींचा तांब्याचा कोर हा आमच्या मते सगळ्यात उपयोगी बदल. गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावर असेल तर चांगल्या प्रतीचा नवा ॲल्युमिनियम घ्या. कोर जाड केल्यावर दोन गोष्टी मोजा: फॅन आणि जाळीत किमान २० मिलिमीटर जागा उरते का, आणि वाढलेलं वजन खालची रबरं पेलतात का. चार ओळींच्या मोहात पडू नका. एवढ्या जाड कोरमधून हवा ओढायला जुना फॅन कमी पडतो आणि सावकाश चालताना गाडी आधीसारखीच तापते.

झाकणाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं, ०.९ च्या झाकणाखाली साधारण ११८ वर. चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर आहे. तिथे उघड्यावर पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. म्हणजे झाकणाचं रबर तडकलं असेल तर घाटमाथ्यावर तुमच्या हातातून वीसेक अंश गेले. नवं झाकण कंपनीने दिलेल्या आकड्याचंच घ्या. १.१ ऐवजी १.४ लावणं म्हणजे अपग्रेड नव्हे, जुना हीटर आणि जुने जोड फोडायची सोय आहे.

धुलाई जुन्या रेडिएटरवरच

नवा रेडिएटर बसवून मग इंजिन धुतलं तर ब्लॉकमधला गंज थेट नव्या नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून जुना रेडिएटर फार गळत नसेल तर रासायनिक धुलाई त्याच्यासकट उरका. गाडी पूर्ण थंड असताना पाणी काढा. पूर्ण भरण्याएवढं पाणी घ्या, दर १० लिटरला २०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, भरा, हीटर असेल तर गरमवर ठेवा आणि इंजिन तापल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आयडलवर चालू द्या. थंड होऊ द्या, काढा, साध्या पाण्याने दोन-तीनदा भरून-काढून स्वच्छ येईपर्यंत धुवा. फरशी धुवायचं ॲसिड कधीही वापरू नका. ते ॲल्युमिनियम खातं आणि पंपाचं सीलही. एक सांगून ठेवतो: कित्येक वर्षांचा गंज निघाल्यावर ब्लॉकवरच्या गोल पत्र्याच्या झाकण्या, म्हणजे वेल्श प्लग, कधीकधी पाझरू लागतात. तो धुलाईचा दोष नाही, गंजाने भोक बुजवून ठेवलं होतं. असे प्लग आत्ताच बदलून घ्या.

पश्चिम विदर्भातल्यांनी या टप्प्यावर जास्त वेळ द्यावा. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला दर्यापूर-तेल्हारा-अकोट-शेगावकडचा भाग, इथलं बोअरचं पाणी खारट आहे. ते रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलं की नळ्यांच्या आत पांढरट थर धरतो आणि ॲल्युमिनियमला भोकं पडतात. अशा गाडीत एका धुलाईत पाणी स्वच्छ येत नाही, दुसऱ्यांदा करा.

काढणं आणि बसवणं

बॅटरीचं मायनस आधी काढा. रेडिएटरखालची तोटी उघडा आणि ब्लॉकच्या बाजूचा पाण्याचा नटही; तो न उघडता अर्धं घाण पाणी इंजिनातच राहतं. निघालेलं पाणी टबात घ्या आणि मोजा. कूलंट गोड लागतो आणि विषारी असतो. कुत्रं, शेळी, वासरू सहज पितं. नालीत, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलसोबत द्या.

मग श्राउडचे बोल्ट सोडून तो फॅनवर मागे सरकवा, दोन्ही होज काढा, ओव्हरफ्लोची नळी काढा. चिकटलेला होज खेचू नका; बदलायचाच आहे, ब्लेडने उभा चिरा, नाहीतर रेडिएटरचा पाइप वाकतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरवर बसवलेला असेल तर त्याचे बोल्ट सोडून तारेने पुढे बांधा, गॅसच्या नळ्यांना हात लावू नका. रेडिएटर सरळ वर उचला.

ही मोकळी जागा पुन्हा लवकर मिळणार नाही, म्हणून आता पंप बघा. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे पांढरा किंवा हिरवा ओघळ असेल तर सील गेलं. बेल्ट सैल करून पुलीला वर-खाली हलवा, जराही खेळ वाटला तर बेअरिंग गेलं. खारं पाणी घातलेल्या गाडीत पंप काढून पातंही बघा, कडा खाल्लेल्या दिसतात. पंप लाख किलोमीटरच्या पुढे असेल तर तपासत बसू नका, नवा टाका. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो; तिथे बेल्टही सोबत बदलावा आणि ते काम टायमिंग लावता येणाऱ्याकडूनच करून घ्यावं. गॅस्केटची जागा पॉलिश पेपरने साफ करा. सिलिकॉन पेस्ट अगदी पातळ लावा. जास्तीची आत सुटून थेट रेडिएटरच्या नळीत अडकते. आठ मिलिमीटरचे बोल्ट सुमारे २० न्यूटन-मीटर, सहाचे ८ ते १०, तिरक्या क्रमाने. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे आणि त्यावरची छोटी हलणारी पिन सगळ्यात वर. ती हवा बाहेर सोडण्यासाठी असते; खाली ठेवली तर हवा अडकते आणि दोन दिवस गाडी का तापते ते कळत नाही.

व्हिस्कस फॅन (घट्ट तेलाच्या क्लचवर फिरणारा) असेल तर थंड इंजिनावर हाताने फिरवा. थोडा जड फिरायला हवा. सोडल्यावर चार-पाच फेऱ्या भिरभिरला किंवा मध्यावर तेलकट रेघा दिसल्या तर क्लच गेला. क्लचचा मोठा नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, पाना लावण्याआधी पुस्तिका बघा.

नवा रेडिएटर खाली सोडताना फॅनच्या बाजूला जाड पुठ्ठा धरा, एका ठोक्यात जाळीच्या पातळ पंख्या वाकतात. होजच्या आत कूलंटचं बोट फिरवा, ग्रीस नको. ग्रीसने हे रबर फुगतं. खालच्या होजमध्ये जुन्यात स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी. क्लॅम्प पाइपच्या उंचवट्याच्या आत बसला पाहिजे, त्याच्यावर नाही. बेल्ट मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर १०-१२ मिलिमीटर दबेल एवढा ताणा.

आता श्राउड. ‘विनाकारण अडचण’ म्हणून गॅरेजमध्ये काढून ठेवलेला श्राउड हे गर्दीत तापणाऱ्या गाड्यांचं फार मोठं कारण आहे. कूलरच्या ताट्या आणि डब्यामध्ये फट राहिली की हवा फटीतूनच येते, ताट्या कोरड्या असल्यासारखी खोली गरमच राहते, इथेही तसंच. फॅनची पाती श्राउडमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर आणि भोवताली सारखी २०-२५ मिलिमीटर जागा. रेडिएटर आणि बॉडीमधल्या फटी रबरी फोमने बंद करा. हे जवळपास फुकटात होतं आणि इलेक्ट्रिक फॅनपेक्षा जास्त फरक पाडतं.

इलेक्ट्रिक फॅन हवाच असेल तर कंडेन्सरपुढे जादाचा एक लावा. बेल्टवरचा फॅन काढून टाकू नका. त्याला स्वतंत्र रिले, ३० अँपिअरचा फ्यूज आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते. हॉर्नच्या वायरवरून घेतलेला जोड वितळतो. प्लास्टिकच्या टायने जाळीतून ओवून बांधायचा प्रकार टाळा, कंपनाने टाय नळी कापते. फ्रेमवर पट्ट्या लावून बसवा.

भरणं, हवा काढणं

कूलंट कोणता, तर पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचा, बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ लिहिलेलं. रंगावरून जात ठरवू नका, हिरव्यात लाल मिसळू नका. घट्ट कूलंट असेल तर बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. विदर्भात पाणी गोठायची भीती नाही, म्हणून निम्म्याहून जास्त कूलंट घालण्यात अर्थ नाही. त्याची उष्णता वाहण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते. पण ३० टक्क्यांखाली गंजापासून राखण होत नाही. तयार मिसळलेला मिळाला तर सगळ्यात सोपं.

गाडीचं नाक चढावर करा, हीटर गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. नरसाळ्याने सावकाश भरा, होज हाताने दाबत राहा. स्क्रूतून सलग धार आली की बंद करा. झाकण न लावता इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज तापतो. तेव्हा भरा, झाकण लावा, रिझर्व्ह टाकीत मधल्या खुणेपर्यंत घाला. गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा आणि सगळे क्लॅम्प अर्धा फेरा आवळा, रबर बसलेलं असतं. जेवढं घातलं ते काढलेल्या मापाशी ताडून बघा. लिटरभर कमी मावलं तर हवा अजून आत आहे.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावला असेल तर मल्टिमीटरने एक तपासणी करा. मायनस टोक बॅटरीच्या मायनसला, प्लस टोक रेडिएटरच्या गळ्यातून कूलंटमध्ये, धातूला न टेकता. लाइट, एसी, म्युझिक सिस्टिम, जादाचे फोकस सगळं चालू ठेवा. ०.३ व्होल्टच्या वर आलं तर कुठली तरी अर्थिंग खराब आहे आणि वीज कूलंटमधून वाट काढते आहे. असा रेडिएटर वर्षभरात भोकं पाडून घेतो आणि दोष मात्र दुकानदाराला लागतो.

परीक्षा दुपारी दोन-तीनच्या उन्हात घ्या. आधी वीस मिनिटं उभी गाडी, एसी चालू. मग चढाचा रस्ता. राजूर घाट किंवा चिखलदऱ्याचा रस्ता जवळ नसेल तर लोक भरून लांबचा चढ चालतो. काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबत असेल तर ठीक. चढतच राहिला तर थांबा.

नंतरची राखण

सोयाबीनच्या मळणीनंतर आणि कापसाच्या हंगामात कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत भुसा आणि सरकीची लव गच्च बसते. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. दोघांच्या मध्ये टॉर्चचा उजेड टाकून बघा, आणि पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, कमी दाबाने. वॉशिंग सेंटरच्या गनने पंख्या झोपतात. कूलंट बाटलीवर सांगितलेल्या मुदतीत बदला. भरल्याची तारीख आणि मिश्रण बोनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, काचा खाली. वाफ येत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. वाफ येत असेल, बेल्ट तुटला असेल किंवा पाणी संपलं असेल तर लगेच बंद करा. झाकणाला पाऊण तास हात लावू नका, नंतरही जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंत सोडा आणि दाब जाऊ द्या. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी ओतू नका. इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं रेडिएटरमध्येच घाला. जवळच्या विहिरीचं खारं पाणी घालावं लागलं तर घाला, इंजिन वाचवणं पहिलं. पण घरी पोचल्यावर ते सगळं काढून डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुवा आणि पुन्हा पूर्ण मिश्रण भरा.